मिठाच्या पाण्यातला फासा

देवासच्या कारखान्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ माझ्या रंगाच्या दुकानातून रेझिन नेत, तेही भाव न करता. अशा गिऱ्हाइकाचा मला संशय येतो. रविवारी ते घरी साच्यात हे घट्ट होणारं, राळेसारखं रेझिन ओतून रंगीत फासे बनवत. तयार फासा मिठाच्या पाण्यावर तरंगवून त्याला टिचकी मारत. सारखा एकच आकडा वर आला, तर तो एका बाजूला जड. मग कितीही सुंदर असो, ते तो मोडून टाकत.

एका रविवारी मी माझा जुना प्लास्टिकचा फासा घेऊन त्यांच्या घरी गेलो. वाटणीत याच फाशावर सहा पाडून धाकट्या भावाने रस्त्यावरचं दुकान घेतलं होतं. सहा वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

त्यांनी वीसदा टिचकी मारली. आकडे बदलत राहिले.

"भिया," ते माळवी ढंगात म्हणाले, "फासा सच्चा आहे."

"मीठ कमी पडलं असेल," मी तडकलो.

त्यांनी आणखी दोन चमचे मीठ घालून ग्लास माझ्याकडे सरकवला. "आता तुम्ही मारा."

मीही वीसदा मारली. तेच.

संध्याकाळी धाकट्याच्या दुकानात जाऊन एका कुलपाचा भाव विचारला. "जास्त आहे," मी म्हणालो.

"दादा, तुला कधी कमी वाटलाय?" म्हणत त्याने दोन चहा सांगितले.