वैशाखात फुगलेलं दार

वणीत रस्त्याकडेच्या एका तीन मजली इमारतीचा दर्शनी खांब कोळशाच्या ट्रकनं रिव्हर्स घेताना उडवला, आणि इमारत पडली नाही. एवढ्यानं गावाला जो आनंद झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. लोक येत, लोंबणाऱ्या सळयांशेजारी उभं राहून फोटो काढत, मान डोलवत आणि ‘काय मजबूत बांधली!’ म्हणत पुढे जात. पाय तुटलेला माणूस भिंतीला धरून उभा असला, तर हे लोक त्याला शर्यतीत उतरवतील.

मी इमारतींची मजबुती तपासतो. एखादा खांब गेला तर त्याचा भार शेजारचे खांब आणि तुळया पेलतील, की एकामागून एक सगळंच खाली येईल, हे गणित करून सांगणं माझं काम. मलाही तिथे कोणी हौसेनं बोलावलं नव्हतं. मालकाला नगरपालिकेची नोटीस आली म्हणून बोलावलं.

मालक खाणीतून निवृत्त झालेले काका. त्यांची उभी हयात जमिनीखाली छताला लाकडी टेकू लावण्यात गेली होती. तळमजल्यावर ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकचाचांचं गॅरेज, पहिल्या मजल्यावर एका बाईंचा शिवणवर्ग, सगळ्यात वर काका आणि काकू. तुटलेला खांब बरोबर शिवणवर्गाखालचा. रोज सकाळी वीसेक बाया तिथे मशीन चालवायच्या.

पहिल्या दिवशी मी यंत्रं घेऊन वर गेलो तेव्हा वर्गाच्या बाईंनी खांद्यानं धक्का देऊन दार उघडलं. “फुगलं ना साहेब. दोनदा रंधा मारून घेतला,” त्या म्हणाल्या. उंबऱ्याशी लाकडाची सोलपटं पडली होती. मी ती ओलांडली आणि यंत्र टेबलावर ठेवलं. दाराचं रडगाणं ऐकायला मी आलो नव्हतो.

दोन दिवस हातोडीनं ठोकून मोजलं, तिसऱ्या दिवशी गणित मांडलं. तुळईत खांबाच्या डोक्यावर वरच्या अंगाला सळया भरपूर होत्या, खालच्या अंगाला नावापुरत्या. खांब होता तोवर ते चालून गेलं. खांब गेल्यावर ताण खालच्या अंगाला आला, आणि तो घ्यायला तिथे काही नव्हतं. तुळई तगून होती ती वरच्या विटांच्या भिंतीच्या मेहेरबानीवर. मी काकांना सांगितलं, वर्ग आजच बंद करा आणि तुळईखाली आजच टेकू लावा.

“टेकू?” काका हसले. “टेकू लावला का लोकाईले वाटते, घर पडून राह्यलं. आन् साहेब, मी राजूरच्या खाणीत तीस वर्सं छताखाली काढली. छत पडाच्या आंधी बोलते. लाकूड करकरते, माती झडते. आपले कान शाबूत आहे.”

“काका, ते लाकूड होतं. हे सिमेंट आहे. ते बोलत नाही, सरळ येतं.”

“मंग इतके दिवस काहून नाही आलं?”

पालथ्या घड्यावर पाणी. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावरचं छत टेकूवर तोललं, त्याला स्वतःच्या घराला टेकू लावायची लाज वाटत होती. मला त्या म्हाताऱ्याची चीड आली. त्याच्या कानांची तर किळसच आली. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, “मालिक बोले तो अभी जॅक लगा देता.” बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, परीक्षा तोंडावर आहे. नमुना एकेक.

चौथ्या दिवशी सकाळी मी अहवाल घेऊन गेलो. चांगला जाडजूड, सहीशिक्क्यासकट. काकांना म्हटलं, बायांसमोर वाचून दाखवतो, म्हणजे तुमचं नाही तरी त्यांचं डोकं ठिकाणावर येईल. कपाळाला आठ्या घालून काका माझ्यापुढे रस्त्याकडचा जिना चढू लागले. वर्गाच्या दारात सुतार बसला होता. आत मशिनी चालू होत्या.

“कायले रंधा मारून राह्यला बे?”

“दार फुगलं ना काका. तिसरी खेप हाय.”

काका थांबले. “वैशाखात?”

बाहेर डांबर वितळत होतं. काकांनी चौकटीवर हात फिरवला, खाली बसून एक डोळा मिटला आणि वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. “वैशाखात लाकूड आटते,” ते स्वतःशीच म्हणाले. “चौकट तिरपी झाली. खालची तुळई बसून राह्यली.” आणि मग त्या वाळक्या देहातून असा आवाज निघाला, की माझ्या हातातला अहवाल खाली पडला.

“मशिनी सोडा! सामान नोका घेऊ! निंगा बाहेर!”

माझ्या चार दिवसांच्या गणितानं जे झालं नाही, ते दोन मिनिटांत झालं. बाया चपला सोडून रस्त्यावर होत्या. काकूंना चाचांनी हात धरून खाली आणलं. दुपारपर्यंत काका आणि चाचांनी तुळईखाली जाड लाकडी बल्ल्या आणि ट्रकचे जॅक लावले होते. काकांनी ठोकलेली एकेक पाचर मी तपासली. खोट काढायला जागा नव्हती, याचाही मला रागच आला. संध्याकाळी जॅक हळूहळू चढवत गेले, तसं वरचं दार आपोआप सुटलं.

गावाचा निकाल तयारच होता. साहेबानं हातोडीनं ठोकून ठोकून भेगा पाडल्या, म्हणून बिल्डिंग खाली करावी लागली. मी खुलासा केला नाही. गाढवापुढे वाचली गीता.

काका मात्र पाचरीवर हातोडा टेकवून माझ्याकडे बघत म्हणाले, “साहेब, तुमी म्हनलं, सिमेंट बोलत नाही. इथं चार दिस बोंबलून राह्यलं होतं. मी आयकलं नाही, कारन मी आवाज हुडकत होतो. तुमी कायले नाही आयकलं?”

पुढे खांब नवा बांधला, वर्ग पुन्हा सुरू झाला. ते दार मात्र बदललं नाही. रंधा मारून मारून घासलेल्या वरच्या कोपऱ्यात आता बोटभर तिरपी फट आहे, आणि वणीला गेलो की रस्त्यावरून ती दिसते. अहवालाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर मी लिहिलंय, ‘इमारत कोणतीही पूर्वसूचना देणार नाही’, आणि खाली माझी सही आहे.