खोलीसाठी आणलेली माय

गाडी जुंपून दारात उभी होती आणि माय अजून घरातच होती. मी दोनदा हाक मारली. शेवटी आत जाऊन पाहिलं, तर ती चुलीपुढे बसून निखाऱ्यांवर पाणी शिंपडत होती. एक निखारा विझला की दुसऱ्यावर.

"चाल ना माय, ऊन चढी ऱ्हायनं."

"थांब रे. घरमा आग ठेईसन जावानं नही."

बाहेर धाकटा काका गाडीवर दोर आवळत होता. बैल त्याचेच होते. पाटा-वरवंटा, काठवट, तवा, ज्वारीची दोन पोती आणि एक वळकटी, एवढाच पसारा. माय चढून बसली तसा काका म्हणाला, "बिनघोर जाय वहिनी. घर मी देखस. तू तठे पोऱ्याले भाकर घाल." रनाळ्यातल्या गल्लीतल्या बाया ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. शिकायला पोरं जातात हे त्यांना ठाऊक होतं. पोराच्या शिक्षणासाठी आईनं गाव सोडल्याचं त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. एकीनं तर विचारलंच, "तू बी कॉलेजमा जाई ऱ्हायनी का वं?" सगळ्या हसल्या. मायही हसली. मी हसलो नाही. त्या वेळी मी एक सौदा पक्का करून निघालो होतो आणि सौदा केल्यावर हसायचं नसतं, असं मला वाटायचं.

भाऊबंदांनो, तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना हे ऐकीव माहीत आहे, तेही काकाच्या तोंडून. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना काहीच माहीत नाही. म्हणून लिहितो आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आपला भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडायचा. नंदुरबारला एक नवं कॉलेज निघालं होतं. आज ते कॉलेज तिथे शोधू नका, सापडणार नाही. त्याच्या माहितीपत्रकात छापलं होतं, 'बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहाची सोय'. फी भरून मी सोय बघायला गेलो. मैदानाच्या कडेला एक जोतं होतं. दगडी, भक्कम, खोल्यांच्या रेघा आखल्यासारखं. त्यावर भिंत एकही नव्हती. कोनशिला मात्र होती आणि तिच्याभोवती तरोटा माजला होता.

मी तडक प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." मी म्हणालो, "मग फी पण पुढच्या वर्षी घ्या." त्यांनी शिपायाला हाक मारली. माझा आवाज बाहेर व्हरांड्यात ऐकू गेला होता, त्यामुळे तिथे उभे असलेले दोघे माझे मित्र झाले. एक पुरुषोत्तम पाटील, तापीकाठचा गुजर, घरी केळीचा मळा. दुसरा दौलत वळवी, खापर गावाच्याही पलीकडच्या डोंगरातला, फार कमी बोलणारा. आमच्यापैकी कुणालाच जागा नव्हती. ज्या समाजांची बोर्डिंगं होती ती भरलेली होती, आणि माझ्या समाजाचं बोर्डिंगच नव्हतं. रनाळ्याहून रोज यावं म्हटलं, तर एसटी दुपारी पोचायची आणि कॉलेज सकाळचं.

पहिले काही दिवस आम्ही त्या जोत्यावरच वळकट्या टाकल्या. पुरुषोत्तम रेघेच्या पलीकडे झोपायचा आणि ओरडायचा, "ओ शेजारी, दार वाजवून येत जा!" मग पाऊस लागला आणि ती थट्टाही वाहून गेली. स्टेशनचा फलाट झाला, कापसाच्या एका जिनिंगचा पत्र्याखालचा कोपरा झाला. दोन्हीकडून उठवलं.

भाड्याची खोली मागायला गेलं की घरमालक आमची तोंडं बघून दार ओढून घ्यायचे. बिनलग्नाची पोरं कुणालाच नको होती. जमनाबेन नावाच्या एका विधवा गुजराती बाईची मागच्या अंगणातली खोली रिकामी होती. ती म्हणाली, "छडा छोकरांना मी देत नाही. घरात बाईमाणूस पाहिजे."

मी विचारलं, "आई चालेल?"

"आई काय बाई नथी?"

तिथेच माझं डोकं चाललं. मी सौदा सुरू केला. आई आणतो, पण भाडं कुटुंबाचं लावायचं, पोरांचं नाही. अंगणातला नळ वापरू द्यायचा. आणि माझे दोन भाऊ बरोबर राहतील.

"एका आईचे?"

"एका आईच्या हातचं जेवणारे," मी म्हणालो. ती हसली आणि मी जिंकलो.

मग रनाळ्याला येऊन दुसरा सौदा काकाशी केला. आमचं मातीच्या छताचं, धाब्याचं घर एकच, पण वडील होते तेव्हाच दोन्ही भावांच्या चुली वेगळ्या झालेल्या. पुढचे दोन खण आमचे, मागचे काकाचे. कागद नव्हता. आपल्याकडे घराच्या वाटणीचा कागद कोण करत होतं? दोन चुली पेटल्या म्हणजे वाटणी झाली. शेताला उतारा होता, घराला फक्त चूल होती. मी काकाला म्हणालो, आमच्या पडवीत तुझी म्हैस बांध, त्या बदल्यात पावसाआधी आमच्या धाब्यावर माती चढवत जा. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच हो म्हणणाऱ्या माणसाकडे पुन्हा एकदा बघायला हवं, हे मला पुढे धंद्यात कळलं.

माय आली त्या दिवशी जमनाबेन खोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. पुरुषोत्तम गोरा होता, तो खपून गेला. दौलतकडे तिनं बोट केलं. "अने हा कोण?"

मायनं दौलतला तासाभरापूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं. ती काठवट खाली ठेवत म्हणाली, "मन्हाच शे."

"तोंड तर मिळत नाही."

"बापवर गया."

पुरुषोत्तम अंगणात जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसला. दौलत हसला नाही. त्या दिवसापासून तो मायला माय म्हणायला लागला आणि तिची लाकडं तोच फोडायचा.

आम्हा तिघांना खोली मिळाली. मायला काय मिळालं ते सांगतो. गावात ती पहाटे उठून गल्लीभर बोलायची. इथे सकाळी आम्ही निघून गेलो की दुपारपर्यंत बोलायला कुणी नाही. जमनाबेनचं बोलणं तिला अर्धं कळायचं, नळावरच्या शहरी बाया तिच्या अहिराणीला हसायच्या. ती चौघांच्या भाकरी थापायची आणि बाजाराच्या दिवसाची वाट बघायची. त्या दिवशी रनाळ्याच्या बाया भाजी घेऊन यायच्या. माय त्यांच्या पाट्यांजवळ जाऊन बसायची, भाजी न घेता. तिथूनच तिला घराच्या बातम्या कळायच्या.

आधी बातमी आली, म्हैस पडवीत बांधली. ते ठरलंच होतं. मग कळलं, पुढच्या खणात काकाचा कापूस भरला. मी चिडलो. माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे, कापूस विकाई जाई." कापूस विकला गेला. मग त्याच्या पोराचं लग्न ठरलं, आम्हाला आमंत्रण आलं, आणि लग्नात आम्ही पाहिलं की नवं जोडपं आमच्याच खणात राहणार आहे. काका म्हणाला, "चार दिनसाठे." माझी शेवटची परीक्षा तोंडावर होती. मी तिथल्या तिथे भांडायला उभा राहिलो, तर मायनं मनगट धरलं. "पयले परीक्षा दे. मी नंदुरबारले कसाले जायेल शे?"

मी परीक्षा दिली. पास झालो. पेढे घेऊन दोघं रनाळ्याला गेलो, सामान परत कधी हलवायचं ते ठरवायला. दारातून आत पाऊल टाकलं आणि माय थांबली. कोपऱ्यात चूल नव्हती. चुलीची जागा शेणानं गुळगुळीत सारवली होती आणि तिच्यावर नव्या सुनेची लोखंडी ट्रंक ठेवली होती.

संध्याकाळी भाऊबंद जमले. मी तेव्हा भल्याभल्यांना बोलण्यात गुंडाळत होतो. काकाला मी काय काय देऊ केलं! म्हैस राहू दे, एक खण ठेव, मधली भिंत तुझी, पडवी दोघांची. तो काहीच बोलेना. समोरचा बोलेना तेव्हा सौदा कसा करायचा, हे मला आजही येत नाही. शेवटी तो माझ्याकडे न बघता मायला म्हणाला, "वहिनी, तुन्ही चूल नंदुरबारले पेटस. मंग आठे तुन्हं काय ऱ्हायनं?"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या हिशेबी ते बरोबर होतं. चूल वेगळी झाली तेव्हा वाटणी झाली, चूल विझली तेव्हा वाटणी मिटली. मी ओरडलो, "ती चूल मी कॉलेजात जागा नव्हती म्हणून नेली! तिथे जोत्यावर भिंती असत्या तर हिला गाव सोडावं लागलं असतं का?" एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "मंग भांडण त्या कॉलेजशी कर ना भो." मी काकाची गचांडी धरली. चौघांनी सोडवली. त्याचा मला आजही पस्तावा नाही. फक्त एवढंच झालं की त्यानंतर माझ्या बाजूनं बोलणारा एकही उरला नाही.

वकिलाकडे जाऊ म्हटलं, तर माय म्हणाली, "दीरना समोर कोर्टमा उभी ऱ्हावाव नही मी." त्यापुढे कुणाचं काही चाललं नाही.

आम्ही खोलीवर परत आलो. दौलतला सगळं कळलं तेव्हा तो बराच वेळ लाकडं फोडत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडे चला. घर नसलं तर सगळा पाडा मिळून बांधतो. लाकूड, कूड, सगळं. मालकाने फक्त जेवण घालायचं." मी त्याला हसलो. डोंगरात राहून बी. ए. झालेल्या माणसानं काय करायचं? तो निघून गेला आणि नंतर त्याची माझी भेट नाही.

जमनाबेनला बातमी लागायला वेळ लागला नाही. तिनं लगेच भाडं वाढवलं. मी नेहमीचा डाव टाकला. "असं असेल तर आम्ही गावी जातो."

ती म्हणाली, "कोणत्या गावी?"

मी वाढीव भाडं कबूल केलं. आयुष्यातला तो पहिला सौदा, ज्यात मला उठून जाता आलं नाही.

पुढे मी सुरतेला गेलो, मायला घेऊनच. सुताच्या दलालीत उमेदवारी केली, मग स्वतःचं काम मांडलं. बोलण्यावर पोट भरलं, तिथे बंगला बांधला. नंदुरबारहून निघताना कॉलेजवरून टांगा गेला तेव्हा त्या जोत्यावर भिंती चढत होत्या. गवंडी विटा भिजवत होता. मी टांगा थांबवला नाही.

सुरतेत आपल्या भागातली खूप माणसं आहेत. तीही विचारतात, "एवढं सगळं झालं, आता घराचं काय घेऊन बसलात?" त्यांना मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. सौद्यात ताकद बोलण्यात नसते. पटलं नाही तर उठून निघून जाता येईल अशी एक जागा पाठीशी असावी लागते. ती असली की माणूस हवा तेवढा भाव करतो. माझ्याकडे बंगला आहे, दोन दुकानं आहेत, पण त्यातलं काहीही तशी जागा नाही. बंगल्यात कर भरतो म्हणून राहतो. आजवर जगाशी जे भांडलो ते पाठीशी काही नसताना भांडलो, आणि त्यातलं फारसं काही हाती लागलं नाही. राग मात्र जसाच्या तसा आहे. तो कुणावर काढायचा हे त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, पण ते कॉलेजही आता नाही.

काका गेला तेव्हा तेराव्याला जायचं की नाही यावर माझं आणि मायचं भांडण झालं. ती म्हणाली, "दीर व्हता मन्हा." मी घेऊन गेलो. रनाळ्यात गल्ली तीच होती. माय ओट्याच्या पायरीपर्यंत झपाझप गेली, एवढी की मी मागे पडलो. आणि पायरीशी थांबली. जो उंबरा तिनं अर्धं आयुष्य सारवला होता, त्याच्या अलीकडे ती पदर धरून उभी राहिली, कुणीतरी या म्हणेल म्हणून.

आतून काकाची धाकटी सून आली, आम्ही गाव सोडल्यानंतर घरात आलेली. तिनं मायला ओळखलं नाही. "या ना, आत बठा ना. कोठला पाहुणा?"

माझं डोकं फिरलं. "पाहुणा कोणाले म्हनस? हे घर..."

मायनं न वळता मागे हात करून माझी बाही धरली.

"गप ऱ्हाय रे. पाहुणासनी आवाज चढावाना नही."

आणि सुनेनं पुन्हा या म्हटल्यावर ती आत गेली.