बिनचूक निबंध

वाशीमच्या शाळेत आमच्या इंग्रजीच्या मास्तरांचा एकच मंत्र होता: स्वतःचं वाक्य म्हणजे स्वतःची चूक. 'हॅज'च्या जागी 'हॅव' पडलं की हातावर छडी, 'द' गळला की छडी, आणि काळ चुकला तर मग विचारूच नका. म्हणून त्यांनी काही निबंध लिहून दिले होते. ते तोंडपाठ करायचे आणि परीक्षेत जसेच्या तसे उतरवायचे. गाय विचारली की त्यांची गाय, घर विचारलं की त्यांचं घर. साऱ्या वर्गात मिळून एकच गाय होती लेकाची!

'माझं घर' मला सगळ्यांत पक्का पाठ. त्याची सुरुवातच अशी, की मी तान्हा असताना माझे वडील वारले आणि माझ्या विधवा आईनं शिवणकाम करून मला वाढवलं. पुढं शेवटपर्यंत वडील भूतकाळात. आता आमचा बा तर चांगला धडधाकट. गावाबाहेर वांग्या-मिरच्यांचा मळा होता आमचा, आणि बाजाराच्या दिवशी सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, भारा डोक्यावर घेऊन तो शाळेवरूनच जायचा. पण त्याला जिवंत करायचं म्हणजे साऱ्या निबंधाचे काळ बदलायचे, आणि तेवढं धाडस मला बापजन्मात झालं नसतं. परीक्षेत मी बाला मेलेलाच ठेवला. लिहिताना मनात काही आलंसुद्धा नाही, याचीच आज जास्त लाज वाटते. इंग्रजीत मेलेला माणूस खरा मेला असं आम्हाला वाटतच नसे. त्या दिवशी वर्गातल्या साऱ्याच पोरांचे बाप वारले होते. बाकीच्यांचं फक्त कुठं ना कुठं व्याकरण चुकलं.

माझं काही चुकलं नाही आणि मास्तरांनी मला पहिलं बक्षीस दिलं. समारंभाला घरच्यांना बोलावणं गेलं. बा परीटघडीचं धोतर नेसून, फेटा बांधून पहिल्या रांगेत येऊन बसला. हेडमास्तर त्याच वर्षी बदलून आलेले. मुलांची घरं त्यांना कुठली ठाऊक असणार? ते म्हणाले, हा निबंध मी वाचतो आणि मंडळींना कळावं म्हणून मराठीत अर्थही सांगतो. देवा, यांचा चष्मा तरी फुटू दे, असं मी मनात म्हणत होतो. चष्मा कशाला फुटतो!

"मी तान्हा असतानाच माझे वडील वारले," हेडमास्तरांनी अर्थ सांगितला. मंडळी हळहळली. तेवढ्यात मागून आमच्याच गावचा एक जण बोलला, "मंग समोर हा कोन बसून राह्यला?"

सारी सभा हसली. हेडमास्तर कागदाकडे बघतात, मास्तर जमिनीकडे बघतात. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. बा उठला, हात जोडून म्हणाला, "मेल्याची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढते म्हणतात, सायेब. पोरानं माह्यं आयुष्य वाढवलं." पुन्हा हशा झाला, पण आता तो बाच्या बाजूचा होता. बक्षीस घेताना माझे कान तापले होते.

गावाकडं चालताना बानं विचारलं, "एकबी चूक नवती म्हने?"

"नाही, बा."

"मंग ठीक हाये. पन तुह्या मायले सांगू नको. थे रोज कुकू लावते."

मी त्याच्या मागं चालत होतो म्हणून बरं, तोंड तरी दाखवावं लागलं नाही.

घरी मायनं बक्षिसाचं पुस्तक कपाळाला लावलं आणि देवापुढं ठेवलं. जेवायला वाढता वाढता तिनं मला विचारलं, निबंधात तिचं काही आहे का. उत्तर बानं दिलं. मायनंच पोराले वाढवलं असं लिवलं हाये, म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. माय लाजली, हसली.

"अन् तुमचं?" तिनं विचारलं.

"माह्यंबी हाये," बा भाकर मोडत म्हणाला. "पयल्याच ओळीत."