बा स्वेच्या जागेवर

मंडालेत नदीकाठच्या वस्तीत ऊ फो चेन नावाचा एक सोंगाड्या राहायचा. आता त्याला ओळखणारी माणसं थोडीच उरली आहेत. पण ज्यांनी त्याला मचाणावर पाहिलं होतं, ती अजून त्याचं नाव निघालं की आधी हसतात आणि मग बोलतात. ठेंगणा बांधा, नगाऱ्यासारखं पोट, आणि चेहरा असा की तो गप्प उभा राहिला तरी समोरच्याला वाटावं, आता हा काहीतरी बोलणार.

त्या काळी भाताची कापणी उरकली की गावोगाव पगोड्यांच्या जत्रा भरायच्या. बांबूच्या मचाणावर नर्तकी नाचायची, आणि ती दम खायला बसली की फो चेन आणि बा स्वे ही जोडी पुढं यायची. फो चेन धबाधबा बोलायचा. बा स्वे उंच, हाडकुळा आणि संथ. तो थोडा थांबून एवढंसंच उत्तर द्यायचा, आणि खरा हशा त्या उत्तरावर पडायचा.

"काय रे बा स्वे, नाचून बाई दमली, तू कशानं घामाघूम?"

बा स्वे आवंढा गिळायचा. "मी बाईकडं बघत नव्हतो."

"मग?"

"तिची आई माझ्याकडं बघत होती."

हा विनोद त्यांनी किती गावांत केला असेल याची गणती नाही. तरी लोक पुढच्या वर्षी तोच मागायचे.

एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं ते बैलगाडीतून. वाद्यं पुढच्या गाडीत, नर्तकी आणि तिची आई मधल्या गाडीत, आणि हे दोघं सगळ्यांच्या मागून धूळ खात. दोघांत एकच जाड चिरूट, तो इकडून तिकडं फिरायचा. दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, उन्हात तापलेल्या तिळाच्या शेतांचा वास. फो चेनला पुढं म्हातारपणी जत्रांपेक्षा हे रस्तेच जास्त आठवायचे.

चैत्राच्या सुमाराला पाण्याचा सण आला की सगळं मंडाले रस्त्यावर यायचं. ओळखीचा असो नसो, दिसेल त्याला भिजवायचं. आणि बा स्वे नेमका तेव्हाच पिशवी उचलून सगाइंगच्या टेकड्यांवरच्या एका मठात ध्यानाला जाऊन बसायचा. सण संपला की परत यायचा. फो चेनला हे कधी पटलं नाही.

"डोळे मिटून बसायला एवढ्या लांब कशाला जातोस? मचाणावर तू उभ्या उभ्या झोपतोसच की."

"एकदा चल तर खरं."

"येईन की. पुढच्या वर्षी."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालास."

"मग माझा शब्द बदललाय का सांग."

असं चालायचं. मग एका हिवाळ्यात श्वेबोकडच्या मुक्कामात बा स्वेला ताप भरला. गावच्या वैद्यानं काढे दिले, पण ताप हटेना. दुसऱ्या गावाला जाताना, भरदुपारी, गाडीतच त्याचा श्वास थांबला. फो चेन शेजारीच बसून काहीतरी सांगत होता. बा स्वे उत्तराला नेहमीच वेळ लावायचा, म्हणून आधी त्याच्या काही लक्षातच आलं नाही.

जत्रांचे शब्द दिलेले होते. फडाच्या मालकानं बा स्वेच्या जागी एक तरणा सोंगाड्या आणला. पोरगा हुशार होता, पण फो चेनचं वाक्य संपायच्या आत याचं उत्तर तयार. लोक हसायचे. फो चेनला मात्र प्रत्येक वाक्यानंतर पायरी चुकल्यासारखं वाटायचं. तो दिवसा ताडी प्यायला लागला. मचाणावर बोलणं पूर्वीपेक्षा वाढलं, आणि उतरल्यावर कुणाशी बोलणंच नाही. सणाच्या तोंडावर मालक नावाआधी आदराचं 'ऊ' लावून त्याला म्हणाला, "ऊ फो चेन, काही दिवस घरी आराम करा." त्याचा अर्थ दोघांनाही कळत होता.

दुसऱ्या दिवशी बा स्वेची बायको दॉ न्वे त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. बाई तोंडाची फटकळ, पण मनाची सरळ. ताडीचं मडकं तिनं पायानं बाजूला सारलं.

"भावजी, सगाइंगहून निरोप आलाय. मठात यांची जागा दर वर्षीसारखी धरून ठेवलीय. त्यांना अजून बातमी कळली नाही."

"मग कळवा की."

"तुम्हीच जाऊन कळवा."

"आणि?"

"आणि तिथंच बसा. इथं बसून पिता, ते तिथं बसून पिऊ नका म्हणजे झालं."

"वहिनी, गप्प बसणं माझ्या धंद्यात बसत नाही."

"धंदा तरी कुठं राहिलाय?" असं म्हणून ती निघून गेली. जाताना बा स्वेची ध्यानाला बसायची तपकिरी शाल तेवढी ओट्यावर ठेवून गेली.

फो चेन रागारागानंच गेला. मठ टेकडीच्या उतारावर होता, चिंचेच्या झाडांत. थोरले भिक्षू, ज्यांना सगळे सयाडॉ म्हणत, ते म्हातारे, किरकोळ अंगाचे. बा स्वेची बातमी ऐकून त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग फो चेनला अष्टशील दिलं. हिंसा नाही, चोरी नाही, दुपारनंतर जेवण नाही, इथपर्यंत त्यानं निमूट म्हटलं. नाचगाणी आणि खेळतमाशे यांपासून दूर राहीन, हे आलं तेव्हा तो अडला.

"भंते, बघायचे नाहीत, की करायचे नाहीत?"

"दोन्ही."

"मग मी उरतो तो काय?"

"तेच बघायला आलायस," सयाडॉ म्हणाले, आणि पुढचं शील सांगायला लागले.

शिकवण तशी सोपी होती. पाठ ताठ ठेवून बसायचं आणि पोटाकडं लक्ष द्यायचं. श्वास आत येताना पोट फुगतं, तेव्हा मनात म्हणायचं 'फुगतंय'. बसतं तेव्हा 'बसतंय'. गुडघा दुखला तर 'दुखतंय', मन भटकलं तर 'भटकतंय', आणि पुन्हा पोटावर यायचं. चालताना पाऊल उचललं, पुढं नेलं, टेकवलं, एवढंच. फो चेननं मनात म्हटलं, या पोटानं मला आजवर पोसलं, त्याच्याकडं नुसतं बघायला काय जातंय.

पण बसल्यावर कळलं. पोट दोनदा फुगायचं, दोनदा बसायचं, आणि मन निघालं जत्रेला. गुडघ्यांत सुया, पाठीत पाचर. संध्याकाळी पोटात कावळे ओरडायचे. शेजारी बसलेला जुना साधक दगडासारखा स्थिर, आणि याच्या मनात त्या साधकाच्या नाकावर बसलेल्या माशीवर विनोद तयार. एक झाला की दुसरा. मठात मौन, सांगायला कुणी नाही, म्हणून ते आतल्या आत आंबल्यासारखे व्हायचे.

त्यात भर पडली दॉ एन म्याइंगची. ही मंडालेच्या बाजारात शेवयांचं कालवण विकणारी बाई, फो चेनच्या खेळांची जुनी चाहती. ती बायकांच्या रांगेत बसायची. फो चेन गंभीर चेहरा करून ध्यानाच्या मंडपात शिरला की तिच्या तोंडून फस्सकन हसू फुटायचं. ती शालीचं टोक तोंडात कोंबायची, पण तोवर शेजारणीला लागण झालेली असायची. आणि हा तर खरोखरच मनापासून बसायला बघत होता.

शेवटी सयाडॉंनी त्याची बैठक सगळ्यांच्या पुढं, खांबापाशी हलवली, तोंड भिंतीकडं. फो चेनला ते फार लागलं. आयुष्यात कधी त्यानं लोकांकडं पाठ केली नव्हती.

दिवसाआड साधकानं सयाडॉंपुढं जाऊन आपला अनुभव सांगायचा असे. फो चेननं त्यासाठी तयारी केली. गुडघा त्याच्याशी कसा भांडला, पोटानं भाताची आठवण काढून कसा गळा काढला, मन मंडालेला जाऊन न विचारता कालवण खाऊन कसं आलं, हे सगळं त्यानं हातवाऱ्यांसकट सांगितलं. बाजूला बसलेल्या तरुण भिक्षूला हसू आवरेना, तो उठून बाहेर गेला. फो चेनला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

सयाडॉंनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान सांगितलंस," ते म्हणाले. "आता जे झालं ते सांग."

"तेच तर सांगितलं, भंते."

"ते मला हसवायला सांगितलंस. झालं काय, ते सांग."

फो चेननं पुन्हा गुडघ्यापासून सुरुवात केली, आणि दुसऱ्याच वाक्यात विनोद येऊन उभा राहिला.

"विनोद येतात तर येऊ देत," सयाडॉ म्हणाले. "हाकलू नकोस. फक्त एक मनात सांगून झाला की पुढं काय होतं, ते बघ."

त्यानंतर तो तेच बघायला लागला. चिंचेखाली फेऱ्या घालताना, खांबापाशी बसताना. विनोद यायचा, तो 'सुचतंय' म्हणायचा. पुढं काही दिसायचं नाही. लगेच दुसरा विनोद हजर व्हायचा, जणू मधली फट बुजवायला धावत आलेला.

मग एका सकाळी, न्याहारीची पेज पिऊन सगळे बसले असताना, त्याला एक बरा विनोद सुचला. मनातल्या मनात त्यानं तो पूर्ण म्हटला. दुसरा आला नाही. आणि त्या मोकळ्या जागेत त्याला स्पष्ट दिसलं की आपण थांबलोय. मान थोडी उजवीकडं कललीय, कान टवकारलाय. उजवीकडं बा स्वे उभा राहायचा.

'वाट बघतोय,' तो मनात म्हणाला. 'वाट बघतोय.'

छातीतून काहीतरी उमळून आलं आणि तो रडायला लागला. श्वेबोच्या रस्त्यावर तो रडला नव्हता. चितेपाशीही नाही, तिथं त्यानं खांदेकऱ्यांना हसवलं होतं. आता खांदे गदगदा हलत होते, पोट हिंदकळत होतं, नाकातून चमत्कारिक आवाज येत होता.

पाठीमागून लोकांना दिसत होती ती फक्त त्याची पाठ. ऊ फो चेनचे खांदे हलताहेत, म्हणजे ऊ फो चेननं काहीतरी सोंग काढलंय. पहिल्यांदा दॉ एन म्याइंग हसली. मग बायकांची रांग, मग पुरुष. तो दगडासारखा साधकही हसला. बघता बघता सगळा मंडप खदखदायला लागला.

फो चेनला ते ऐकू येत होतं. एरवी अशा हशावरून त्यानं जीव ओवाळून टाकला असता. एकदा वाटलं, वळावं आणि एखादा चेहरा करावा, म्हणजे सगळंच निभावेल. तो वळला नाही. 'ऐकू येतंय,' म्हणाला. 'रडतोय,' म्हणाला. हसणं हळूहळू विरलं, कारण सोंग इतका वेळ चालत नाही हे लोकांनाही समजलं.

दुपारी मौन मोडून दॉ एन म्याइंग चिंचेखाली आली. तिचे डोळे सुजले होते.

"दादा, मला वाटलं तुम्ही—"

"तुमची काय चूक? तोंडच असं दिलंय देवानं."

"तोंड कुठं दिसत होतं? पाठ होती."

यावर मात्र फो चेन खरंच हसला, आणि तीही हसली. मग दोघांनाही आठवलं की बोलायचं नाहीय, आणि ती आपल्या फेऱ्या घालायला गेली.

पुढच्या खेपेला सयाडॉंसमोर तो हात जोडून बसला.

"भंते, रडलो."

"मग?"

"मग थांबलं."

"कुणी थांबवलं?"

"कुणीच नाही. आपसूक थांबलं. मग पोट फुगत होतं, बसत होतं."

"बरं. जा, बस," सयाडॉ म्हणाले.

सण संपल्यावर तो मंडालेला परतला. ताडी अगदीच सुटली असं नाही, पण दिवसाची सुटली. नव्या हंगामात मालकाकडं जाऊन तो पुन्हा उभा राहिला आणि त्या तरण्या सोंगाड्याला एवढंच म्हणाला, "पोरा, मी बोललो की लगेच पडू नकोस माझ्या अंगावर. जरा थांब. लोक कुठं पळून जात नाहीत." पोरगा शिकला. त्या दोघांची जोडीही चांगली जमली. बा स्वेसारखी नाही. पण ती कुणाची जमणार होती?

त्यानंतर दर वर्षी पाण्याच्या सणाला फो चेन सगाइंगला जाऊ लागला. तो काही मोठा साधक झाला नाही. सुरुवातीचे दिवस त्याचे गुडघे तसेच बोंबलायचे आणि मन तसंच कालवण खायला जायचं. म्हणायचा, "मी दर वर्षी पहिलीत बसतो." पुढं सयाडॉ गेले. मठात टेपवरचं प्रवचन आलं, बसायला मऊ गाद्या आल्या. गावांत सिनेमाची गाडी फिरायला लागली, मचाणं कमी झाली, मालकानं वाद्यं विकून टाकली. फो चेन म्हणायचा की त्या मोडक्या मंडपातला चिंचेच्या पाचोळ्याचा वास आणि भिंतीच्या चुन्याचे पोपडे त्याला डोळे मिटले की अजून आठवतात, आणि शेजाऱ्याच्या नाकावरच्या माशीवरचा तो विनोदही अजून कुणाला सांगायचा राहिलाय.

म्हातारपणी तो संध्याकाळी दॉ न्वेच्या ओसरीवर जाऊन बसायचा. ती मुरवलेल्या चहापत्तीत तीळ आणि लसूण कालवून पुढं ठेवायची, आणि मग बा स्वेच्या गोष्टी निघायच्या. त्याच त्या, पुन्हा पुन्हा.

"भावजी, तुमचे सयाडॉ म्हणायचे ना, आठवण आली की 'आठवतंय' म्हणायचं आणि पोटाकडं वळायचं?" ती एकदा म्हणाली.

"म्हणायचे."

"मग वळत का नाही?"

फो चेननं चहापत्तीचा घास चावून संपवला. "पहिलं वाक्य म्हणतो की मी. 'आठवतंय' म्हणतो."

"आणि दुसरं?"

"दुसऱ्याला वेळ आहे, वहिनी," तो म्हणाला. "ती श्वेबोची जत्रा सांगा ना. अवकाळी पावसात मचाण कोसळलं होतं, ती."