पाचटाखालचा दगड

तालमीतल्या गड्यांनो, फळ्यावर हे आजच लिवतोय, कारण राग अजून उतरला न्हाय.

सकाळी सराव संपवून होडी कुरुंदवाडच्या काठाला लावत होतो. आधी काठावरचे दगड वेचायचे, वर उसाचं पाचट अंथरायचं, त्यावर अनवाणी चालून बघायचं आणि मगच हाळी द्यायची, ही आपली रीत. म्हंजे जोरात वल्हं मारून होडी काठावर चढवली तरी बूड खरवडत न्हाय.

आपल्या शंकरनं हाळी दिली, "ये बिनधास्त!" मी जोरात वल्हं मारलं. पाचटाखाली दगड! बुडाची फळी फुटली.

वर बघतोय तर गड्याच्या पायात चपला.

"अरं, चालून बघितलं न्हाईस व्हय?"

"उद्याच्या शर्यतीत मी पलीकडच्या तालमीच्या होडीत हाय," म्हणाला.

फळी काय, सुतार बसवंल. पण आता काठावरनं कुणी "ये बिनधास्त" म्हटलं, तर वल्हं मारू का थांबू, सांगा की.