अंगठा उचलल्यावर

चेन्नईजवळच्या आवडीहून लोकलने परीक्षेला निघालो होतो. पन्नाशीत हौशी रेडिओचा परवाना काढतोय म्हणून घरात थट्टा झालीच होती, त्यात फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन आणि फेज मॉड्युलेशन यांतला फरक काही केल्या डोक्यात शिरत नव्हता.

समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझं पुस्तक पाहिलं आणि तमिळ हेलाच्या तंजावरी मराठीत विचारलं, "परीक्षा का?" बोलताना ते मांडीवरच्या जेवणाच्या डब्याच्या कडीवर अंगठा दाबून धरत आणि बोलणं संपलं की उचलत. बोलताना दाबायचं, ऐकताना सोडायचं, असं वायरलेसचं बटण वर्षानुवर्षं दाबलेला माणूस. अंगठा खाली असताना मी मध्ये बोललो, तर त्यांच्यापर्यंत पोचतच नसे.

त्यांनी दुसऱ्या हाताची दोन बोटं डब्याच्या झाकणावर चालवली. "चालणाऱ्यानं चाल कमीजास्त केली, ती फ्रीक्वेन्सी. सोबत्याच्या एक पाऊल पुढं गेला, ती फेज. पण पुढं जायला चाल वाढवायलाच लागते की. एक हललं की दुसरं हलतंच. त्यांना वेगळं करायला कशाला जीव काढताय?"

अंगठा उचलला. मला हसू आलं. मी पुस्तक मिटून ठेवलं.

अंबत्तूरला ते उतरले आणि खिडकीशी आले. खिडकीच्या गजावर अंगठा दाबून "भिऊ नका," म्हणाले, अंगठा उचलला आणि तसेच उभे राहिले. गाडी हलली तरी ते जागचे हलेनात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आता पाळी माझी होती.

"कळलं, काका," मी ओरडलो.

मग ते निवांत जिन्याकडे वळले.