नॉर्बर्ट स्टायबरचा दुसरा बाण

नॉर्बर्ट स्टायबरच्या जिभेला हाड नव्हतं. उभी हयात त्याने काउली क्रीकच्या आसपासच्या गोठ्यांमधून दुधाचा टँकर हाकला. गोठ्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला तो नावाने हाक मारायचा आणि मालकाला कुत्र्याच्या नावाने. विस्कॉन्सिनमध्ये असल्या माणसाला लोक शिव्या घालतात आणि बारमध्ये त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवतात.

चर्चमध्ये तो रविवारी जायचा, नोव्हेंबर सोडून. "नोव्हेंबरात देवही जंगलातच असतो," तो म्हणायचा. "नाहीतर माजावर आलेली हरणं कुणी पाठवली असती?" नोव्हेंबरात नॉर्बर्ट झाडावरच्या मचाणावर सापडायचा, हातात धनुष्य घेऊन. साधं, हाताने ओढायचं. क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य, घेणाऱ्यांचा त्याला मनापासून तिटकारा होता.

"बंदुकीसारखा दस्ता, बंदुकीसारखा चाप, वरती दुर्बीण," शुक्रवारी लीच्या बारमध्ये तळलेल्या माशांवर ताव मारत तो सांगायचा. "त्यापेक्षा हरणाला घरी जेवायला बोलवा आणि पाणी प्यायला वाकलं की घाला टाळक्यात!"

आणि मग भाचीच्या लग्नात त्याने नवऱ्या मुलाच्या मावशीला पोल्का नाचता नाचता उचललं. मावशी वर गेली, नॉर्बर्टचा उजवा खांदा खाली आला. डॉक्टरने शस्त्रक्रिया करून सांगितलं, धनुष्य आता विसरा.

नॉर्बर्ट घरात बसला. तीन आठवड्यांत त्याने बायकोची, म्हणजे अर्लीनची, भांडी घासायची पद्धत सुधारायला घेतली. अर्लीनने शाळेच्या स्वयंपाकघरात शेकडो पोरांचं जेवण रांधलं होतं. ती गुपचूप उठली, दुकानात गेली आणि एक क्रॉसबो आणून जेवणाच्या टेबलावर आपटला.

"हे घे आणि जंगलात जा."

"मी? हे खेळणं घेऊन? लोक काय म्हणतील?"

"लोक काहीही म्हणोत. तू नोव्हेंबरभर घरात राहिलास ना, तर मी काय करीन ते मात्र पेपरात येईल."

दोरी ताणायला दुकानदाराने सोबत हाताने फिरवायची एक चरखी दिली होती. नॉर्बर्टने ती बघितली. "मी शिकारीला चाललोय, आईस्क्रीम करायला नाही," असं म्हणून त्याने ती गॅरेजात टाकून दिली.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी अर्लीन झाडापर्यंत सोबत आली. क्रॉसबोच्या तोंडाशी घोड्याच्या रिकिबीसारखी एक कडी असते. तिच्यात तिने पाय रोवला, मुठी लावलेल्या दोराचे दोन आकडे धनुष्याच्या दोरीत अडकवले आणि कमरेतून अशी उठली की दोरी मागच्या खाचेत अडकून 'कट्' आवाज झाला. नॉर्बर्टने तोंड दुसरीकडे फिरवलं. मग आकड्यांचा दोर खिशात कोंबून तो शिडीवरून मचाणावर चढला, छातीभोवतीचा जुना पट्टा झाडाला बांधला, क्रॉसबो दोराने वर ओढून घेतला आणि बाण बसवला. अर्लीन कॉफी प्यायला रस्त्यावरच्या गाडीत जाऊन बसली.

थोड्या वेळाने एक मादी आली आणि ओकची पडलेली फळं खाऊ लागली. तिच्या मागोमाग नर. हा एवढा शिंगांचा पसारा! नॉर्बर्टने दुर्बिणीतून नेम धरला, चाप ओढला, आणि बाण मधल्या एका फांदीवर आपटून भलतीकडेच गेला.

नराने उडी मारली. दहा पावलांवर जाऊन थांबला. मादी खातच होती, त्यामुळे तोही कुठे हलेना. प्रेमात पडलेल्याला अक्कल नसते, चार पायांच्याला तर नसतेच नसते.

आता दुसरा बाण. पण दोरी कोण ताणणार? ताणणारी गाडीत कॉफी पीत होती.

नॉर्बर्टने हळूच रिकिबीत पाय घातला, आकडे अडकवले आणि दोन्ही मुठी धरून ओढलं. उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की मावशीसकट अख्खं वऱ्हाड डोळ्यांपुढे नाचलं. दोरी बोटभरही हलली नाही.

"नालायका, जरा थांब हं तिथेच," तो हरणाकडे बघत पुटपुटला.

हात नाहीत, पण पाय तर आहेत! तो उकिडवा बसला, दोराच्या मुठी पॅंटच्या पट्ट्यात अडकवल्या आणि मांड्यांच्या जोरावर उठू लागला. दोरी सरकली. चांगली अर्धी आली. तेवढ्यात पट्ट्याने नॉर्बर्टच्या पोटाची साथ सोडली. नॉर्बर्ट वर गेला, पॅंट घोट्यावर आली. खाली लोकरीची लांब चड्डी होती, पण तिचंही मागचं बटण कधीचं गेलेलं. उत्तरेचा वारा सरळ आत शिरला.

नराने मान वर करून पाहिलं. नॉर्बर्टनेही त्याच्याकडे पाहिलं. हलायची सोय दोघांपैकी एकालाच होती, आणि तो हलला नाही.

मग नॉर्बर्टने मुठी छातीवरच्या पट्ट्यात अडकवल्या. हा पट्टा झाडालाही बांधलेला, म्हणजे निसटायचा प्रश्न नाही. पुन्हा उकिडवा बसला, दात आवळले आणि उठला. बरगड्या करकरल्या, डोळे बाहेर आले, श्वास कुठे गेला कुणास ठाऊक. आणि 'कट्!'

त्या आवाजाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच आपल्या अंगाने आपलं काहीतरी ऐकलं असं त्याला वाटलं. त्याने आकडे काढले, बाण खाचेत बसवला, क्रॉसबो गुडघ्यावर टेकवला आणि चाप ओढला.

नर दोन ढांगा धावला आणि ओढ्याच्या अलीकडे कोसळला.

नॉर्बर्ट मटकन खाली बसला. बराच वेळ नुसता हसत राहिला. मग पॅंट वर ओढायला वाकला, तर वाकवेना. खांदा मेलेला, बरगड्या पेटलेल्या. शिवाय पॅंटच्या पट्ट्याचं बक्कल मचाणाच्या पायाखालच्या लोखंडी जाळीत असं घुसलेलं, की एका हाताने निघेना. शेवटी त्याने अर्लीनला फोन केला.

"मारलं! मोठं आहे! ये लवकर."

"गॉर्डीला आणते ओढायला."

"गॉर्डी नको!" नॉर्बर्ट ओरडला. पण फोन बंद झाला होता.

गॉर्डी म्हणजे शेजारी. आजन्म साध्या धनुष्याचा भक्त, आणि नॉर्बर्टची क्रॉसबोवरची सगळी भाषणं त्याला पाठ. तो झाडाखाली आला, वर बघितलं आणि टोपी काढून छातीशी धरली.

"अर्लीन," तो हळूच म्हणाला, "हरणाने याला नेमकं काय केलं गं?"

"नॉर्ब, तू असा का बसलायस?" अर्लीनने विचारलं.

"दुसरा बाण भरला!"

"कशाने?"

शिडी चढून तिने बक्कल सोडवलं, पॅंट वर केली आणि लहान मुलाची बांधतात तशी गाठ मारली. गॉर्डीने तोवर हरणाचे तीन फोटो काढले होते आणि नॉर्बर्टचे अकरा.

दोन बरगड्यांना तडे गेले होते. डॉक्टरने तपासताना विचारलं, "कितव्या वर्षी शहाणे होणार तुम्ही?" नॉर्बर्टने त्याला उलट विचारलं, की शिंगं किती टोकांची होती ते ऐकायचंय का? डॉक्टरला ऐकायचं होतं. बाहेर रांग वाढत गेली.

पुढच्या वर्षी शिकारीचा परवाना अर्लीनने काढला. नॉर्बर्ट गाडीत बसून फोनवर तिला सूचना द्यायला लागला, वारा कुठून आहे, श्वास कसा धरायचा. दुसऱ्या सूचनेलाच तिने फोन बंद केला. दुपारी ती एका मादीचे मागचे पाय धरून तिला ओढत बाहेर आली. केसांत पानं अडकलेली, गाल लालबुंद. नॉर्बर्ट गाडीतून उतरला. त्याने पुढचे पाय धरले, डाव्या हाताने.

त्या हिवाळ्यात हरणाच्या मांसाची सॉसेजं त्यानेच केली. मीठ जास्त पडलं होतं. अर्लीनने सगळी खाल्ली, आणि मीठ जास्त पडल्याचं सांगितलंही.